अल्लमप्रभू : सृष्टीच्या मुळाचा शोध

बाराव्या शतकातील शिवशरणांच्या मेळ्यात अल्लमप्रभूंचे स्थान सर्वांहून निराळे आहे. बसवण्णांनी शरणांचा समाज उभा केला. चन्नबसवण्णांनी षट्स्थलाचे शास्त्र बांधले. अक्कमहादेवींनी भक्तीला वैराग्याची धार दिली. प्रभुदेवांनी काय केले असे कोणी विचारले, तर मात्र उत्तर पटकन सुचत नाही. त्यांनी देऊळ बांधले नाही, जमीनजुमला मिळविला नाही, राजदरबारी गेले नाहीत. ते गावोगाव हिंडले आणि ज्याला भेटले त्याच्या पायाखालची जमीन काढून घेऊन पुढे गेले. आपण ज्याला आधार मानतो तो आधार कशावर उभा आहे, ही चौकशी त्यांनी जन्मभर केली. हे जग कोठून आले हा प्रश्न त्याच चौकशीचा भाग आहे. त्यांची हजाराहून अधिक वचने आज उपलब्ध आहेत आणि त्यांतील कितीतरी वचने आकाश नव्हते, पृथ्वी नव्हती, त्रिमूर्ती नव्हते अशा अवस्थेपासून सुरू होतात. म्हणून या वेळी प्रभुदेवांचे चरित्र या एका प्रश्नाला धरून सांगावे, असे योजिले आहे.

प्रभुदेवांचे गाव बळ्ळिगावी. कर्नाटकातील शिवमोग्गा जिल्ह्यात, शिकारीपूर तालुक्यात ते आहे. आज ते लहान गाव असले तरी अकराव्या-बाराव्या शतकात बनवासी बारा हजार या मोठ्या प्रांताची ती राजधानी होती. अक्कमहादेवींचे उडुतडी याच परिसरातले. बळ्ळिगावीला दक्षिणकेदार म्हणत. तेथे केदारेश्वराचे देऊळ होते आणि त्याला लागून काळामुख शैवांचा कोडियमठ होता. या मठाविषयी इ. स. ११६२ चा एक शिलालेख आहे. बिज्जळाच्या काळचा, म्हणजे बसवण्णांच्याच काळचा हा लेख वाचताना मन थक्क होते. चार वेद, व्याकरणाच्या अनेक शाखा, न्याय, वैशेषिक, मीमांसा, सांख्य, बौद्धमत, लाकुल सिद्धांत, पातंजल योग, अठरा पुराणे, काव्य, नाटक असे सर्व काही तेथे शिकविले जात असे. आंधळे, पांगळे, अनाथ यांना तेथे अन्न मिळे. निरनिराळ्या पंथांच्या भिक्षूंना मिळे. गाणारे, वाजविणारे, नाचणारे यांनाही मिळे. रोग्यांवर उपचार होत. त्याच गावात जैनांच्या बसदी होत्या, आणि अकराव्या शतकात उभारलेला बौद्धांचा विहार होता.

सृष्टीच्या उत्पत्तीविषयी भारतात जेवढी मते होती, ती जवळजवळ सर्व या एका गावात नांदत होती, असे म्हणावयास हरकत नाही. वैशेषिक सांगत की पृथ्वी, जल, तेज आणि वायू यांचे परमाणू नित्य आहेत. प्रलयात ते सुटे होतात आणि सृष्टीच्या आरंभी ईश्वराच्या इच्छेने व जीवांच्या अदृष्टाने पुन्हा जुळू लागतात. दोन परमाणूंचे द्व्यणुक, तीन द्व्यणुकांचे त्र्यणुक, असे करीत करीत डोंगर आणि समुद्र होतात. सांख्यांना हे मान्य नाही. त्यांच्या मते सत्त्व, रज आणि तम समतोल असतात तेव्हा जग अव्यक्त असते. पुरुषाच्या सान्निध्याने तो समतोल मोडतो आणि प्रकृतीतून महत्, महत्‌मधून अहंकार, अहंकारातून इंद्रिये व तन्मात्रा, तन्मात्रांतून पंचमहाभूते निघतात. मीमांसक म्हणत की समग्र जग एकदम उत्पन्न झाले किंवा एकदम नष्ट होईल असे मानण्याचे कारणच नाही, ते नेहमीच असे चालत आले आहे. जैन जगाला कर्ता मानीत नाहीत, लोक त्यांच्या दृष्टीने अनादि आणि अनंत आहे. बौद्ध कारणांची साखळी सांगतात, पण तिला पहिला दुवा देत नाहीत. पौराणिक विष्णूच्या नाभीतून कमळ आणि कमळातून ब्रह्मदेव काढीत, किंवा सोन्याचे अंडे फोडून त्याच्या दोन शकलांचे आकाश आणि पृथ्वी करीत. शैवांची छत्तीस तत्त्वे आणखी वेगळी. आणि या सर्वांच्या मागे ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातले नासदीय सूक्त आहे. ते उत्तर देत देत शेवटी प्रश्नावरच थांबते.

प्रभुदेव कोडियमठात शिकले असे त्यांचे चरित्रकार सांगत नाहीत. ते विद्वानाच्या घरचे नव्हते. हरिहर कवीच्या सांगण्याप्रमाणे त्यांचे वडील नृत्य शिकविणारे होते आणि अल्लम देवळात मद्दळे वाजवीत. म्हणजे शिलालेखातल्या यादीत त्यांची जागा शोधावयाची झाली तर ती शास्त्रांच्या यादीत सापडत नाही. जेवणाच्या पंक्तीला बसणाऱ्या वाजविणाऱ्यांच्या यादीत सापडते. हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. ज्या गावात दिवसरात्र जगाच्या उगमाचा वाद चालत असे, त्या गावातल्या एका मद्दळेवाल्याने त्या सर्व वादांना पुढे जे उत्तर दिले, त्याचा विचार आपण करीत आहोत.

येथून पुढे चरित्राला दोन वाटा फुटतात, आणि कोणती धरावी यावर आपल्या समाजात मतभेद आहेत.

पहिली वाट हरिहराची. हरिहर कवी सुमारे इ. स. १२०० चा, म्हणजे प्रभुदेवांना पाहिलेल्या माणसांची मुले-नातवंडे हयात असतानाचा. त्याच्या प्रभुदेवर रगळेत अल्लम हा माणूस आहे. कमलते नावाच्या तरुणीवर त्याचे प्रेम बसते, दोघांचा विवाह होतो, संसार सुखाचा चालतो. मग कमलतेला ताप येतो आणि ती जाते. अल्लमाचे भान हरपते. तो रानोमाळ तिला हाका मारीत हिंडतो.

दुसरी वाट चामरसाची. चामरस विजयनगरच्या प्रौढदेवरायाच्या काळात, इ. स. १४३० च्या सुमारास झाला. त्याच्या प्रभुलिंगलीलेच्या पंचवीस गती आहेत. हा ग्रंथ पुढे तमिळ व तेलुगू भाषांत गेला आणि ब्रह्मदासांनी तो मराठीतही आणला. आपल्याकडे श्रावणात पुराण लागते ते बहुधा याच वाटेचे. येथे अल्लम माणूस नव्हेच. कैलासात शिव-पार्वतीचा संवाद होतो, अल्लमाला मायेचा स्पर्श नाही असे शिव म्हणतात, आणि पार्वती परीक्षा पाहण्यासाठी आपली तामस कला मायेच्या रूपाने भूलोकी धाडते. ती बनवासीच्या ममकार राजाच्या घरी जन्म घेते. तिच्या आईचे नाव मोहिनी, तर अल्लमाच्या मात्यापित्यांची नावे सुज्ञानी आणि निरहंकार. नावांवरूनच कवीचा हेतू कळावा. मधुकेश्वराच्या देवळात अल्लम मद्दळे वाजवितो, माया नाचते, भुलते, त्याला धरू पाहते. तो हाती लागत नाही.

पुष्कळ भक्तांना हरिहराची कथा ऐकवत नाही. प्रभूंना पत्नी होती, ते तिच्यासाठी रडले, हे ऐकून त्यांना संकोच वाटतो. शून्यसिंहासनावर बसलेला माणूस कधीकाळी स्मशानातून परतला होता ही कल्पना त्यांना सोसत नाही, म्हणून ते कमलतेला गाळून टाकतात आणि मायेची कथा तेवढी ठेवतात. आमचे मत तसे नाही. चामरस मोठा कवी आहे आणि त्याच्या कथेचा अर्थ खोल आहे, त्याविषयी पुढे बोलूच. परंतु कमलतेला गाळले तर प्रभुदेवांच्या शिकवणुकीचे बीजच हरवते, असे आम्हांस वाटते. ज्याचे काही गेलेच नाही त्याने शून्याविषयी बोलावे आणि ज्याचे सर्वस्व गेले त्याने बोलावे, यांत अंतर आहे.

हरिहर पुढे काय सांगतो ते पाहा. शोकाने सुन्न झालेला अल्लम एका आडरानात बसला आहे. पायाच्या नखाने जमीन उकरीत आहे. दुःखी माणूस असेच काहीबाही करीत असतो. उकरता उकरता नखाला काही लागते. पाहतो तो सोन्याचा कळस. जमिनीत देऊळ गाडले गेलेले आहे. अल्लम ती जागा खणवून घेतो. बंद दार लागते. तो लाथेने दार उघडून आत जातो. आत कमलता नसते. आत एक योगी हातात लिंग घेऊन, पापणी न हलविता बसलेला असतो. त्याचे नाव अनिमिष. तो अल्लमाच्या हाती लिंग देतो आणि देता देताच त्याचे प्राण जातात. दुसरा मृत्यू असा समोर घडतो, आणि याच क्षणी अल्लमाचा प्रभुदेव होतो. जमिनीखालच्या त्या गुहेतला देव तो गुहेश्वर, आणि हीच त्यांच्या वचनांची मुद्रा झाली.

सृष्टीविषयी प्रभुदेव जे सांगतात ते या प्रसंगाशेजारी ठेवले की उलगडू लागते.

त्यांचा मुख्य शब्द बयलु. सीमाभागातल्या वाचकांना तो समजावून सांगावा लागणार नाही. बयलाट म्हणजे उघड्यावरचा खेळ, बयलुसीमे म्हणजे मोकळा सपाट मुलूख. बयलु म्हणजे ज्याला कुंपण नाही असे उघडे. संस्कृतात त्याला शून्य म्हणतात, पण शून्य म्हटले की मराठी माणसाला पाटीवरचे पूज्य आठवते, काही नाही असे वाटते. मोकळ्या रानाला कोणी काही नाही म्हणत नाही. तेथेच पेरणी होते, तेथेच जत्रा भरते, आणि जत्रा उठली तरी रान राहते. बौद्धांच्या शून्यवादाशी प्रभुदेवांच्या शून्याचे नाते किती, यावर पंडितांत वाद आहे. बळ्ळिगावीचा विहार पाहता शब्द कानावरून गेला असणे अशक्य नाही. परंतु नागार्जुनाच्या शून्याला कोणी गुहेश्वर म्हणून हाक मारीत नाही. प्रभुदेवांच्या शून्याला हाक मारता येते, हा मोठा भेद आहे.

या बयलात हालचाल कशाने झाली? वचनकार त्याला कन्नडमध्ये नेनहु म्हणतात. आपण आठव म्हणू. परमाणूंचा जोड नाही, अंडे नाही, कमळ नाही. निष्कल, निराकार अशा त्या वस्तूला स्वतःचा आठव झाला, आणि आठव होताच आठविणारा आणि आठविला गेलेला अशी दोन झाली. सृष्टी ती एवढीच. बाकीचा सर्व पसारा या एका फटीतून आला.

पुढच्या शतकांत आपल्या आचार्यांनी याची पद्धतशीर मांडणी केली. पंधराव्या शतकातील मग्गेय मायिदेवांचे संस्कृत अनुभवसूत्र या दृष्टीने प्रत्येकाने वाचावे. ज्यात सर्व राहते आणि ज्यात सर्व लीन होते ते स्थल. ते एकच स्थल स्वतःच्या शक्तीच्या स्पंदाने लिंग आणि अंग असे दुभंगते. शक्तीही दोन होते. लिंगाकडे ती कला म्हणून राहते, अंगाकडे भक्ती म्हणून. लिंगाची सहा रूपे होतात : महालिंग, प्रसादलिंग, जंगमलिंग, शिवलिंग, गुरुलिंग आणि आचारलिंग. त्यांच्यासमोर अंगाची सहा : ऐक्य, शरण, प्राणलिंगी, प्रसादी, माहेश्वर आणि भक्त. ऐक्याजवळ आत्मा, शरणाजवळ आकाश, प्राणलिंगीजवळ वायू, प्रसादीजवळ अग्नी, माहेश्वराजवळ जल आणि भक्ताजवळ पृथ्वी. आता आपण रोज जे षट्स्थल म्हणतो त्याचा क्रम आठवा. भक्तापासून सुरू होतो आणि ऐक्यावर संपतो. सृष्टी आत्म्यापासून मातीपर्यंत उतरली, साधक मातीपासून आत्म्याकडे चढतो. पायऱ्या त्याच आहेत, फक्त तोंड फिरविलेले आहे. इतर दर्शनांत सृष्टिक्रम हा जगाविषयीचा एक सिद्धांत असतो. येथे तो परतीचा रस्ता आहे. ज्याला घरी जावयाचे आहे त्यालाच आपण कोठून आलो हे विचारण्याची गरज पडते.

अलीकडे प्रवचनानंतर तरुण मंडळी हमखास विचारतात की प्रभूंचे शून्य म्हणजेच शास्त्रज्ञांचा महास्फोट काय. विश्व १३८० कोटी वर्षांपूर्वी अत्यंत दाट आणि तप्त अवस्थेतून प्रसरण पावू लागले, हे आज पुराव्यानिशी सांगितले जाते. ते खरे मानावे, शाळेत नीट शिकावे. परंतु ते वचनांत आधीच होते असे सांगत फिरू नये. त्याने वचनाचाही मान राहत नाही आणि विज्ञानाचाही. आकाशातले तारे केव्हा झाले हे मोजणारा तो प्रश्न आहे. प्रभुदेवांचा प्रश्न मोजण्याचा नाही. त्यांच्या दृष्टीने आठव एकदा कधीतरी होऊन संपलेला नाही. सकाळी जाग येताच मी हा शब्द उठतो, त्याच्या मागोमाग माझे घर, माझे शेत, माझा वैरी असे सारे उठून उभे राहते. ती सृष्टीच आहे, आणि ती आज झाली.

मायेविषयी त्यांचे म्हणणे याच मुळातून येते. सोने, स्त्री, जमीन यांना माया ठरवून त्यांच्यापासून पळणाऱ्यांचे प्रभुदेवांनी ऐकून घेतले नाही. दोष वस्तूत नसून मनातल्या हावेत आहे, हा त्यांचा निर्णय लहान मुलांनाही पाठ असतो. मग चामरसाने मायेला स्त्री का केले? तर चामरस तेथेच थांबत नाही. पार्वतीची तामस कला माया होऊन आली, तशीच तिची सात्त्विक कला अक्कमहादेवी होऊन आली, असे तोच सांगतो. पुराण सांगणारे पहिला भाग रंगवून सांगतात आणि दुसऱ्या भागावरून भरभर जातात. दोन्ही एकत्र ऐकले तर कवीचा भाव कळतो. ज्या शक्तीने बांधले तीच सोडविते. तिच्या बाहेर पडून जाण्यासाठी दुसरे दार नाही.

लिंग हाती आल्यावर प्रभुदेव भ्रमंतीला निघाले. त्यांच्या भेटी शून्यसंपादनेत सविस्तर आल्या आहेत. पंधराव्या शतकात शिवगणप्रसादी महादेवय्यांनी हा ग्रंथ प्रथम गुंफिला आणि पुढे हलगेयदेव, गुम्मळापूरचे सिद्धलिंग यती व गूळूरचे सिद्धवीरण्णा यांनी तो वाढविला. शेतात राबणाऱ्या गोग्गय्याला प्रभुदेवांनी त्याच्याच कुदळीच्या आणि बागेच्या भाषेत देहाची मशागत समजावली. पण मुक्तायीची भेट विशेष मोलाची आहे. लक्कुंडीच्या अजगण्णाची ही बहीण. अजगण्णाने आपली भक्ती जन्मभर जगापासून लपविली, आणि तो गेल्यावर तो काय होता हे तिला उमगले. भाऊ गेला, गुरूही गेला. ती रडत असताना प्रभुदेव तेथे पोहोचले. ज्ञान्याच्या बहिणीने रडावे काय, असे त्यांनी तिला छेडले.

मुक्तायी हार मानणारी नव्हती. तिने उलट प्रभुदेवांनाच अडविले. शून्य ज्याला कळले त्याची वाचा अजून चालते कशी, बोलणे उरले आहे तोवर दोनपणाही उरला आहे, असा तिचा आक्षेप होता. शून्यसंपादनेतल्या सर्व संवादांत प्रभुदेवांना एवढी चोख झुंज क्वचितच कोणी दिली असेल. संपादनकारांनी येथे कमलतेचा उल्लेख केलेला नाही. आम्हांला मात्र हे प्रकरण वाचताना रानात हाका मारीत हिंडलेला तो मद्दळेवाला दिसतो. दुसऱ्याच्या शोकात जाऊन बसण्याचा आणि तेथे कठोर बोलण्याचा अधिकार त्याला कोठून मिळाला, याचे दुसरे उत्तर आम्हांला सापडत नाही. शेवटी मुक्तायीचा शोक निवला. तिने भावाला विसरावे असे प्रभुदेवांनी कोठेही सांगितलेले नाही.

तेथून सोन्नलिगे, म्हणजे आपले सोलापूर. सिद्धरामेश्वर त्या वेळी शेकडो माणसे लावून तळे खणीत होते, देवळे उभारीत होते. अडुसष्ट लिंगांची त्यांनी केलेली स्थापना आजही यात्रेत पुजली जाते. प्रभुदेव आले आणि त्यांनी सिद्धरामांची चौकशी माती खणणारा म्हणून केली. कामकऱ्यांना राग आला, त्यांनी दगड उचलले. दगड लागले नाहीत असे कथा सांगते. मग सिद्धरामच संतापून आले, त्यांच्या तिसऱ्या नेत्राचा अग्नी उसळला, आणि तो प्रभुदेवांना जाळू शकला नाही. या चमत्कारांवर वेळ घालविण्याचे कारण नाही. मुख्य प्रश्न चांगला आहे. तहानलेल्यांना पाणी देणाऱ्या माणसाला प्रभुदेवांनी का टोचावे? तळे वाईट होते म्हणून नव्हे. निर्माण करणाऱ्याला आपण निर्माण केलेल्या वस्तूचा आठव सुटत नाही. मी केले हा शब्द तळ्याच्या तळाशी गाळासारखा बसतो. ब्रह्मांड रचणाऱ्या ब्रह्मदेवाची वचनकार जी थट्टा करतात तिचे मर्म हेच आहे. सिद्धराम थोर, म्हणून त्यांना ते बोचले आणि कळलेही. प्रभुदेव त्यांना कल्याणला घेऊन गेले, तेथे चन्नबसवण्णांच्या हातून त्यांना इष्टलिंगदीक्षा झाली. तळे मात्र राहिले, आणि मधोमध देऊळ घेऊन आजही सोलापुरात आहे.

कल्याणमध्ये बसवण्णांनी अनुभवमंडपात शून्यसिंहासन सिद्ध केले होते. त्यावर प्रभुदेव बसले. ज्याच्याजवळ स्वतःचे म्हणून काही उरले नव्हते त्यालाच ते आसन शोभणारे होते. या काळातील प्रसंग सर्वांना परिचित आहेत, म्हणून येथे विस्तार करीत नाही. एकच आठवण द्यावीशी वाटते. अक्कमहादेवी मंडपात आल्या तेव्हा सर्वांदेखत त्यांची कसून तपासणी प्रभुदेवांनीच केली, आणि त्या उतरल्यावर सर्वांदेखत त्यांना वंदनही केले. मायेच्या नावाने स्त्रीला हिणविणाऱ्यांनी या प्रसंगाकडे पाहावे.

प्रभुदेव कल्याणात फार काळ राहिले नाहीत. वाटेत त्यांची गोरक्षनाथांशी गाठ पडल्याची कथा प्रभुलिंगलीलेत आहे. गहिनीनाथ-निवृत्तिनाथांमुळे मराठी मुलखाला गोरक्षनाथ परके नाहीत. त्यामुळे ही कथा सांगताना कोणाचा अधिक्षेप होऊ नये याची काळजी घ्यावी. गोरक्षांनी योगाने देह वज्रासारखा केला होता. त्यांनी प्रभुदेवांच्या हाती तलवार दिली आणि वार करावयास सांगितले. वार केला तर खणखणाट झाला, केसालाही धक्का लागला नाही. मग प्रभुदेवांनी गोरक्षांना आपल्यावर वार करावयास सांगितले. तलवार इकडून तिकडे गेली. काही लागलेच नाही, जसे मोकळ्या हवेतून फिरविली असावी. गोरक्ष चकित झाले, आणि त्यांनी प्रभुदेवांपुढे मान लवविली.

सृष्टीचा वाद या एका चित्रात मिटतो. पृथ्वीतत्त्वाला इतके घट्ट करावयाचे की ते पुन्हा विरघळूच नये, हा एक प्रयत्न. मृत्यूला असे अडविता येईल ही आशा त्यामागे असते. शोकात बुडालेल्या माणसाला हीच आशा पहिल्यांदा सुचते. प्रभुदेव दुसऱ्या बाजूने गेले. जे बयलातून आले ते बयलाला परत करावे, मग तलवारीला कापावयास राहतेच काय? मात्र त्यांनी देहाचा द्वेष केला असे समजू नये. ज्या हाताने मद्दळे वाजविले त्याच हातात लिंग आले होते.

इ. स. ११६७ च्या सुमारास कल्याणात रक्तपात झाला. बिज्जळ मारला गेला आणि शरण चहूकडे विखुरले. बसवण्णा कूडलसंगमास ऐक्य पावले. प्रभुदेवांनी श्रीशैलाची वाट धरली होती. कृष्णाकाठच्या त्या दाट अरण्यातल्या कदळीवनात ते बयलु झाले, अशी परंपरा आहे. अक्कमहादेवींची कदळीही तीच. त्यांच्यामागून शून्यसिंहासनावर चन्नबसवण्णा बसले, आणि चन्नबसवण्णांच्या नंतर सोन्नलिगेचे सिद्धराम, ज्यांना प्रभुदेवांनी पहिल्या भेटीत माती खणणारा म्हटले होते.